गरगरत्या चकत्यांचा प्रयोग: या चुका टाळा

"सर, विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखी सोडून काहीतरी सांगा," असं सांगलीतली नववीची पोरं म्हणाली आणि आम्ही या भानगडीत पडलो. ताटलीत पाणी, त्यावर शर्टाच्या बटणाएवढ्या थर्माकोलच्या चकत्या, प्रत्येकीत सुईचा तुकडा. खाली छोट्या मोटरवर फिरणारं पट्टीचुंबक. प्रत्येक चकतीला जोर जागच्या जागी मिळतो, म्हणून असा थवा 'सक्रिय पदार्थ' ठरतो.

पहिल्याच दिवशी चुंबक ताटलीला भिडवून ठेवलं. चकत्या फिरायच्या सोडून त्याच्यामागे फरफटत गेल्या. हे नुसतं ढवळणं झालं. चुंबक खाली न्या. वेगही हळूहळू वाढवा, नाहीतर सुई मागे पडते आणि जागेवर थरथरते. प्रयोगशाळेत चुंबकाने द्रव ढवळायच्या यंत्राची, मॅग्नेटिक स्टररची, गोळी उडते, तोच प्रकार.

खरी फसगत पुढे आहे. शेजारच्या दोन चकत्या एकाच दिशेने फिरतात, पण दातेरी चाकं उलटसुलट फिरतात. त्यामुळे 'या अडकणार' असं वाटतं. अडकत नाहीत. जिथे भेटतात तिथे एकीची कड वर जाते, दुसरीची खाली. म्हणून त्या एकमेकींना ढकलत एकमेकींभोवतीच फिरू लागतात. थव्याच्या पोटात ही ढकलाढकल फिटते, कडेला मात्र फिटत नाही. तिथे प्रवाह उरतो. मधोमध बघून 'काहीच होत नाही' म्हणू नका. कडेला चिमूटभर हळद भुरभुरवा. आपल्याकडे हळदीला काय तोटा!

कडेचा प्रवाह चकत्यांच्या फिरण्याच्या उलटा दिसला तर आधी भिंत तपासा. चकती ताटलीच्या काठाला घासली की चाकासारखी उलट्या दिशेने गडगडते. पाणी काठोकाठ, किंचित फुगेपर्यंत भरा, म्हणजे थर्माकोल मध्ये राहतो.

फलकावर कृष्णेच्या भोवऱ्याचा फोटो नको. तिथे पाणी एका मध्याभोवती फिरतं, इथे प्रत्येक कण दोरीवरच्या भोवऱ्यासारखा. शब्द एकच, म्हणून घोळ. 2019 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या गटाने सुमारे दीड मायक्रॉनचे हेमॅटाइटचे (एका लोहखनिजाचे) घन असेच फिरवून त्यांचा थवा द्रवासारखा वाहता केला. त्यातल्या 'ऑड व्हिस्कॉसिटी'चं (व्हिस्कॉसिटी म्हणजे स्निग्धता, द्रवाचा वाहायला होणारा विरोध) पोरांनी 'विचित्र स्निग्धता' करून टाकलं. ऑड म्हणजे इथे विषम. नेहमीची स्निग्धता ऊर्जा खाते. ही खात नाही, जोर फक्त आडवा वळवते.

आणि दिशा मोबाइलवरून ठरवू नका. सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत 15 फेऱ्यांच्या थोडं पुढे गेलेली चकती उलटी फिरताना दिसते. एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या, मोटर मंद करा आणि डोळ्यांनी बघा, तेही वरून.