हातघडणीचे वाडगे आणि मदतीसाठीचे सूपभोजन : सहभागी होताना काय पाहावे, काय विचारावे

भुकेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थांना पैसा मिळावा म्हणून कुंभारकाम करणारे लोक वाडगे घडवून देतात, स्वयंपाक करणारे सूप आणि पाव देतात आणि येणारा पाहुणा ठरावीक देणगी देऊन एक वाडगा निवडतो, साधे जेवण जेवतो आणि तो वाडगा घरी घेऊन जातो. या पद्धतीची सुरुवात अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९९०च्या सुमारास झाली. तेथील कलाशिक्षक जॉन हार्टम यांच्या विद्यार्थ्यांनी मातीचे वाडगे केले, त्यांतून शाळेतील लोकांना सूप आणि पाव वाढला आणि जगात कित्येकांचे वाडगे आजही रिकामे आहेत याची आठवण म्हणून ते वाडगे पाहुण्यांनाच दिले. हार्टम आणि लिसा ब्लॅकबर्न यांनी पुढे हा उपक्रम ‘एम्प्टी बाउल्स’ या नावाने वाढवला आणि तो अनेक देशांत पोहोचला. अशा जेवणाला पहिल्यांदाच जाणार असाल, तर थोडी पूर्वतयारी केल्याने तुमचे पैसे आणि कारागिराचे श्रम दोन्ही सार्थकी लागतात.

देणगी-प्रवेशिका शक्यतो आगाऊ घ्यावी, कारण किती सूप शिजवायचे आणि किती वाडगे मांडायचे याचा अंदाज आयोजकांना त्यावरूनच येतो. प्रवेशिका घेतानाच वाडगा तीत धरला आहे का, निवडलेल्या वाडग्यातच सूप वाढले जाते की जेवणासाठी वेगळी भांडी असतात आणि सुपात कोणकोणते घटक आहेत, हे विचारून घ्यावे. भाज्यांचे म्हणून दिसणारे सूप मांसाच्या अर्कात शिजवलेले असू शकते आणि दाटपणासाठी मैदा, साय किंवा सुकामेव्याची पूड घातलेली असू शकते. ज्यांना पथ्य किंवा ॲलर्जी आहे त्यांनी वाढणाऱ्या स्वयंसेवकाच्या अंदाजावर विसंबू नये, प्रत्यक्ष स्वयंपाक केलेल्या व्यक्तीला विचारावे. सोबत एक जाड कापड किंवा जुनी वर्तमानपत्रे आणि मजबूत पिशवी न्यावी. निवड बहुधा येण्याच्या क्रमाने होते, म्हणून आवडीचा वाडगा हवा असेल तर वेळेच्या आधी पोहोचावे.

वाडगा निवडणे हा या जेवणातला सर्वांत रसाळ भाग आहे आणि त्याला सावकाश वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. टेबलावर दुरून रंग पाहून हात घालू नये. वाडगा दोन्ही हातांनी उचलावा आणि वजन जोखावे. चांगला घडवलेला वाडगा दिसतो त्यापेक्षा जड लागत नाही आणि त्याचा सगळा भार बुडाशी साचलेला नसतो. काठावरून बोट फिरवावे, कारण ओठाला लागणारा काठ गुळगुळीत हवा. टवका किंवा झिलईची (मातीवरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाची) धारदार कड असेल तर तो वाडगा खाण्यासाठी घेऊ नये. मग टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का ते पाहावे. शेवटी तो तळहातावर मोकळा ठेवून नखाने हलकी टिचकी मारावी. पक्क्या भाजलेल्या, अखंड वाडग्याचा आवाज खणखणीत येतो. आवाज बद्द आला तर कोठेतरी न दिसणारी चीर असण्याची शक्यता असते. मात्र कमी तापमानाला भाजलेल्या मातीचा आवाज मुळातच मंद असतो, हे लक्षात ठेवावे.

वाडगा उलटा करून बूड अवश्य पाहावे. तेथे झिलई नसते, कारण भट्टीत वितळलेली झिलई खालच्या फळीला चिकटून बसली असती. त्या उघड्या मातीवर बहुधा कारागिराची खूण कोरलेली असते आणि बुडाच्या जवळ, झिलईच्या कडेला, कधीकधी बोटांचे दोन-तीन पुसट ठसे दिसतात. झिलईत बुडवताना वाडगा जेथे धरला होता तीच ती जागा. आतल्या बाजूला तळापासून वर चढत गेलेल्या बारीक वळ्या दिसल्या, तर तो चाकावर वर खेचलेला आहे असे समजावे. लहान मुलांनी चिमटीने दाबून केलेले वाडगे वेडेवाकडे असतात, पण तेही तितक्याच मनापासून दिलेले असतात आणि सूप खाण्यास योग्य असतील तर ते आनंदाने निवडावेत.

आतली झिलई सलग आणि गुळगुळीत आहे का, हे सौंदर्यापेक्षा आरोग्याच्या दृष्टीने पाहायचे असते. झिलईत बारीक तड्यांचे जाळे किंवा टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतील, तर त्यांत अन्नाचा अंश मुरून राहतो. राकू पद्धतीने (तापून लाल झालेले भांडे भट्टीतून काढून झटपट थंड करण्याच्या मूळ जपानी पद्धतीने) भाजलेले वाडगे देखणे असले तरी सच्छिद्र असतात. ते शोभेसाठीच ठेवावेत. झिलई शिसेमुक्त आणि अन्नासाठी सुरक्षित आहे ना, हे निःसंकोचपणे विचारावे, कारण झिलईत शिसे असेल तर टोमॅटोसारखा आंबट पदार्थ ते अन्नात उतरवतो.

एवढी पारख करावी, परंतु घासाघीस मुळीच करू नये. माती मळून तिच्यातील हवा काढणे, चाकावर घडवणे, अर्धवट सुकल्यावर बूड तासणे, पूर्ण वाळवणे, सुमारे १००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, झिलई आणि मग भाजून दगडासारख्या पक्क्या होणाऱ्या मातीच्या भांड्यांसाठी (स्टोनवेअर) सुमारे १२०० ते १३०० अंशांची दुसरी भाजणी, एवढ्या टप्प्यांतून वाडगा जातो आणि प्रत्येक टप्प्यावर काही वाडगे तडकून वाया जातात. तुमच्या हातातला वाडगा ते सगळे पार करून आलेला असतो आणि कारागिराने तो विनामोबदला दिलेला असतो.

सूप घेताना वाडगा काठोकाठ भरू नये. हातघडणीच्या वाडग्याची भिंत पातळ असेल तर ती लगेच तापते, म्हणून एक हात बुडाखाली आणि दुसरा काठाजवळ धरावा. जेवण मुद्दाम साधे ठेवलेले असते. त्यात पदार्थ कमी आहेत अशी तक्रार करणे या उपक्रमाच्या हेतूलाच धरून नाही. खाता येईल तेवढेच घ्यावे, कारण भुकेसाठी ठेवलेल्या जेवणात अन्न टाकून देण्याइतके विसंगत दुसरे काही नाही. संस्थेचे कार्यकर्ते बोलत असतील तर थांबून ऐकावे, जमा होणारी रक्कम नेमक्या कोणत्या कामाला जाते ते विचारावे आणि शक्य असेल तर प्रवेशिकेव्यतिरिक्त वेगळी देणगी देऊन तिची पावती घ्यावी. शेजारी बसलेल्याने किती दिले, याची चौकशी मात्र करू नये. काही ठिकाणी ज्याला जेवढे जमेल तेवढे देण्याची मोकळीक असते आणि गरजू माणसेही त्याच पंगतीत सन्मानाने जेवत असतात.

घरी आणल्यावर वाडगा कोमट पाण्याने हाताने धुऊन पूर्ण सुकू द्यावा. फ्रिजमधून काढलेल्या थंड वाडग्यात उकळते सूप ओतू नये. तापमानातील अचानक फरकाने तो तडकतो. सोनेरी किंवा चंदेरी धातूची नक्षी असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. बूड खरखरीत असून टेबलावर ओरखडे पडत असतील, तर पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने ते ओलेच घासावे, म्हणजे मातीची धूळ श्वासात जात नाही.