पहिलं सिझर झालंय? आधी ते कार्ड शोधा

गुहागर तालुक्यात उपकेंद्रावर माझी सगळी नोकरी गेली. दुसऱ्या खेपेला माहेरी आलेल्या पोरीला मी पहिलं विचारायची, "सिझरचं कार्ड कुठंय गो?" उत्तर ठरलेलं. "खोलीवर राहिलं, मुंबईला."

नवऱ्याला सांगून आजच फोटो मागवा. सापडत नसेल तर त्या हॉस्पिटलातून ऑपरेशनची नोंद काढायला लावा. पोटावरचा टाका बघून आतलं कळत नाही. कातडीवर आडवा आणि गर्भपिशवीवर उभा, असंही असतं. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल, तर कळा येऊ दिल्यावर साधारण २०० जणींत एकीची पिशवी फाटते. वरपर्यंत उभा असेल तर धोका कितीतरी जास्त, तिथे कळांची वाटच बघायची नाही; डॉक्टर कळांच्या आधीचीच सिझरची तारीख देतात. दोन बाळंतपणांत दीड वर्षही नसेल तर तेही सांगा. सोनोग्राफीत वार (नाळ जिला जोडलेली असते ती) जुन्या टाक्यावर बसलीय का, तेवढं विचारून घ्या.

नॉर्मलचा प्रयत्न करायचाच असेल तर रात्रीही थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल तिथेच. पिशवी फाटताना बरेचदा आधी बाळाचे ठोके बिघडतात, ते घरी कोणाला ऐकू येणार? नववा लागला की चिपळूण नाहीतर रत्नागिरीला नातेवाइकांकडे मुक्काम हलवा. धोपाव्याची फेरीबोट रात्रभर चालत नाही, आणि पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा मी तरी धरत नाही. पोट चोळून घेणं नको, कळा वाढवायची गोळी-इंजेक्शन घरी तर नकोच.

कळ ओसरली तरी दुखणं थांबत नाही, जुन्या टाक्याशी फाटल्यासारखं होतं, अंगावरून किंवा लघवीतून रक्त जातं, खांदा दुखतो, घाम फुटून अंधारी येते, बाळ हलेनासं होतं: यातलं एकही पुरे. रक्त आतच साठलं तर बाहेर थेंब दिसत नाही. कळा एकाएकी बंद पडल्या तर तो आराम समजू नका. एक सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "थांबल्या कळा, निजू दे तिला जरा." मी बोलत बसले नाही, गाडी बोलावली.

१०८ लावा. "आधीचं सिझर आहे, पिशवी फाटल्याची शंका आहे," असंच सांगा. चहा-पाणी काही देऊ नका. जिथे थिएटर उघडं आहे तिथे फोन करून निघा. वाटेत उपकेंद्रावर थांबू नका. माझ्याकडे सलाईन होतं, सर्जन नव्हता.