पावलांचे पॉइंट्स आणि चालण्याची सवय

चालल्याबद्दल पॉइंट्स, कूपन किंवा कॅशबॅक देणारे ॲप मोबाइलमध्ये घेतल्यावर पहिले दोन आठवडे त्यातल्या उद्दिष्टाकडे पाहूच नये. रोजचे चालणे जेवढे होते तेवढेच होऊ द्यावे, त्याची सरासरी काढावी आणि मग तीत हजार-दीड हजार पावलांची भर घालावी. दहा हजारांचा सर्वपरिचित आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पाऊलमापकाचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते आणि तिथून तो रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात तर दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण घटलेले आढळले आणि साधारण ७,५०० पावलांनंतर ते आणखी घटले नाही.

सलग दिवसांची साखळी मोजणारी सूचना लगेच बंद करावी, हे मी आग्रहाने सांगते. माझी आई ती साखळी तुटू नये म्हणून रात्री साडेअकराला, सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या दहा फुटांत, मोबाइल हातात धरून येरझारा घालत असे. गुडघा सुजला तेव्हाच ती थांबली. आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा म्हणून आधीच ठरवून ठेवला, तर अशी वेळ येत नाही.

बक्षिसाने सुरुवात नक्कीच होते, पण ती टिकतेच असे नाही. सिंगापूरमध्ये ८०० कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात सहा महिने रोख बक्षीस होते तोवर हालचाल वाढली; ते थांबल्यावर, वर्षअखेरीस, वाढ उरली नव्हती. म्हणूनच बक्षीस सुरू असतानाच चालण्याला दुसरा आधार द्यावा. ठरलेली वेळ, ठरलेली वाट आणि वाट पाहणारे कोणीतरी हवे. सकाळी सहाला शेजारच्या काकू पुण्यातल्या तळजाई टेकडीवर जाण्यासाठी फाटकाशी उभ्या असतील, तर अंथरुणातून उठावेच लागते.

ॲपला सगळी मेहनत कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना लागणारी धाप त्याच्या हिशेबात सपाट रस्त्यावरच्या पावलांइतकीच असते आणि खड्ड्यांतून स्कूटर गेली तरी कधीकधी पावले वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायामही करावेत. तेव्हा ॲपमध्ये मिनिटांची नोंद असल्यास तीच पाहावी. संपर्कयादीची परवानगी मागितल्यास नाकारावी. पावले मोजायला तिची गरज नसते.

तिसऱ्या महिन्यात दोन आठवडे ॲप पूर्ण बंद ठेवून पाहावे. चालणे घटले, तर आणखी पॉइंट्स देणारे ॲप शोधू नये. वेळ, वाट किंवा सोबत यांपैकी काय जमले नाही ते तपासून तेवढेच बदलावे.