अनोळखी प्रोटीनचा आकार बघून त्याचं काम कसं ओळखायचं

कुठल्याही बॅक्टेरियाचा जीनोम उघडा, थोड्याथोड्या अंतरावर एक पाटी दिसतेच, 'हायपोथेटिकल प्रोटीन'. म्हणजे जीन आहे, त्यावरून प्रोटीन बनत असणार, पण ते करतं काय ते कुणालाच माहीत नाही. असलं एखादं आपल्या गळ्यात पडलं की गाइड म्हणतात "स्ट्रक्चर बघ की", म्हणजे घडी पडल्यावर प्रोटीनचा जो त्रिमितीय आकार होतो तो, आणि मग आपण त्या आकाराची रंगीत रिबिनींची गुंडाळी स्क्रीनवर गोल गोल फिरवत बसतो, दोनचार स्क्रीनशॉट काढतो आणि संध्याकाळी हात रिकामेच. मी असे बरेच दिवस घालवलेत, म्हणून कुठं बघायचं आणि कुठं भुलायचं नाही ते लिहितेय.

आधीच एक सांगून टाकते. स्ट्रक्चर आपल्याला केमिस्ट्री सांगतं, म्हणजे हे प्रोटीन काय धरू शकतं, काय तोडू शकतं, कुणाला आरपार सोडू शकतं. पेशीला त्याची गरज का पडते हे स्ट्रक्चर सहसा सांगत नाही, ते वेगळं शोधावं लागतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की सगळं बिघडतं.

प्रोटीनचा सिक्वेन्स, म्हणजे त्यातल्या अमिनो ॲसिडची ओळीनं यादी, घेऊन युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवर जा. प्रयोगातून मिळालेलं स्ट्रक्चर असेल तर तिथं पीडीबी या स्ट्रक्चरच्या संग्रहातला चार अक्षरी कोड मिळेल, नसेल तर अल्फाफोल्डचं, म्हणजे सिक्वेन्सवरून कॉम्प्युटरनं बांधलेलं, मॉडेल. १९७१ मध्ये पीडीबी सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ स्ट्रक्चर होती, आता दोन लाखांच्या वर आहेत, आणि अल्फाफोल्डच्या डेटाबेसमध्ये तर २० कोटींच्या वर मॉडेल पडलीयत, त्यामुळं "स्ट्रक्चरच मिळालं नाही" ही सबब आता चालत नाही. पण फाइल उघडायच्या आधी तिची लायकी बघा. क्रिस्टलचं स्ट्रक्चर असेल तर रिझोल्यूशन, म्हणजे किती बारीक दिसतंय ते बघायचं, २ अँगस्ट्रॉम (अणूंमधली अंतरं मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी आकडा असेल तर साइडचेन (अमिनो ॲसिडचा साखळीबाहेर डोकावणारा भाग) कुठं आहे, पाण्याचा रेणू कुठं बसलाय यावर बोलता येतं, ३.५ असेल तर साखळी कशी वळलीय एवढंच खात्रीनं बोलावं, त्यापुढची बारीक चर्चा नको. अल्फाफोल्डचं मॉडेल असेल तर रंग बघा. गडद निळा म्हणजे पीएलडीडीटी (मॉडेलला स्वतःची किती खात्री आहे त्याचे १०० पैकी गुण) ९० च्या वर, बिनधास्त वापरा, आणि ५० च्या खालचा नारिंगी भाग, तो जो शेवयांसारखा बाहेर लोंबत असतो, त्याचा आकार धरून काहीही निष्कर्ष काढू नका. तो भाग खरोखरच सुटा, बिनआकाराचा असू शकतो, आणि ती पण एक माहितीच आहे.

आता मुख्य काम. रिबिन बंद करा. खरंच बंद करा. स्ट्रक्चर बघायचं सॉफ्टवेअर पायमॉल असो की कायमेरा-एक्स, सरफेस चालू करा, कारण रेणूला रिबिन दिसत नाही, त्याला पृष्ठभाग लागतो, त्याच्यावरचे खड्डे, खाचा आणि चार्ज लागतात. सगळ्यात मोठा, सगळ्यात खोल खळगा शोधा, एन्झाइमची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रोटीनची, खरी जागा बहुतेक वेळा तिथंच असते. याचं पहिलं उदाहरण म्हणजे लायसोझाइम, अश्रूंत आणि अंड्याच्या पांढऱ्यात असणारं, बॅक्टेरियाची भिंत फोडणारं. डेव्हिड फिलिप्स यांच्या गटानं १९६५ मध्ये त्याचं स्ट्रक्चर काढलं, एन्झाइमचं ते पहिलंच, आणि बघतात तर प्रोटीनच्या अंगावर एक लांबच लांब खाच, जिच्यात बॅक्टेरियाच्या भिंतीतल्या साखरेच्या साखळीच्या बरोब्बर सहा कड्या मावतात. मग खाचेत कोण बसलंय ते बघितलं तर सिक्वेन्समधलं ३५ नंबरचं ग्लुटामेट आणि ५२ नंबरचं ॲस्पार्टेट ही दोन अमिनो ॲसिड, समोरासमोर, आणि मधे चौथी आणि पाचवी कडी, जिथं साखळी तुटते. यातलं ३५ नंबरचं पाण्याला घाबरणाऱ्या शेजाऱ्यांत अडकलंय, त्यामुळं त्याचा प्रोटॉन सहज सुटत नाही, तो ते साखळी तोडायला वापरतं. शेजारी बदलले की त्याच अमिनो ॲसिडचा स्वभाव बदलतो, म्हणून खळग्यात नुसती नावं वाचून थांबू नका, आजूबाजूला काय आहे तेही बघा.

खळगा सापडला की पुढचा प्रश्न, हा खळगा कामाचा की उगाच पडलेला? त्यासाठी कॉनसर्फसारखं टूल आहे, ते तुमच्या प्रोटीनचे नातेवाईक गोळा करतं आणि कुठलं अमिनो ॲसिड सगळ्यांनी जपून ठेवलंय ते रंगात दाखवतं. खळग्याच्या तळाशी गडद मरून रंगाचा ठिपका दिसला तर समजायचं नाडी सापडली. सगळीकडे फिका किंवा निळसर रंग असेल तर तो खळगा सोडा आणि दुसरा बघा. सिक्वेन्समध्ये एकमेकांपासून शंभर घरं लांब असलेली, सगळ्यांनी जपलेली तीन अमिनो ॲसिड घडी पडल्यावर खळग्यात एकमेकांना खेटून बसलीयत असं दिसलं तर ते सहसा योगायोगानं होत नाही.

सिरीन, हिस्टिडीन, ॲस्पार्टेट हे अमिनो ॲसिडचं त्रिकूट तर पाठच करून ठेवा. प्रोटीन तोडणाऱ्या कायमोट्रिप्सिनमध्ये ते आहे, आणि बॅसिलस या बॅक्टेरियाच्या, तेच काम करणाऱ्या सबटिलिसिनमध्येही आहे, गंमत म्हणजे या दोघांच्या घडीचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी तीन साइडचेन तशाच मांडलेल्या. म्हणजे घडी वेगळी असली तरी काम तेच असू शकतं.

याच त्रिकुटावरून एक अनोळखी प्रोटीन पकडलं गेलं, ती गोष्ट मला फार आवडते. ई. कोलाय या बॅक्टेरियामधलं बायोएच. बायोटिन हे व्हिटॅमिन बनवायला हे लागतं एवढं जेनेटिक्सवरून माहीत होतं, पण नेमकं करतं काय ते नाही. २००३ मध्ये त्याचं स्ट्रक्चर आलं, त्यात कॉम्प्युटरनं शोध घेतला तर सिरीन ८२, ॲस्पार्टेट २०७, हिस्टिडीन २३५ अगदी त्रिकुटासारखे बसलेले सापडले. मग वेगवेगळी सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यांच्यावर काम करतं ते रेणू) देऊन बघितली, तर हे एस्टर (ॲसिड आणि अल्कोहोल जोडून होणारा रेणू) तोडणारं एन्झाइम निघालं. छान, पण बायोटिन बनवताना नक्की कुठला एस्टर? ते कळायला २०१० उजाडलं, तेव्हा समजलं की फॅटी ॲसिड बनवायची यंत्रणा वापरून बॅक्टेरिया बायोटिनची साखळी तयार करतो, तिला एक मिथाइलची टोपी घालून ठेवतो, आणि साखळी हवी तेवढी लांब झाली की बायोएच ती टोपी काढतं. केमिस्ट्री स्ट्रक्चरनं दाखवली आणि कारण कळायला अजून सात वर्षं गेली, वर म्हटलं ते हेच.

कधीकधी नशीब जोरावर असतं आणि प्रोटीन आपलं सावज तोंडात धरूनच क्रिस्टलमध्ये येतं. मिथॅनोकॉकस जॅनाशाय या आर्कियामधलं (बॅक्टेरियासारखा दिसणारा पण वेगळ्या कुळातला एकपेशीय जीव) एमजे०५७७ हे असंच एक बिनओळखीचं प्रोटीन, १९९८ मध्ये त्याचं स्ट्रक्चर काढलं तर आत एटीपी, पेशीचं ऊर्जेचं चलन, जो कुणी घातलाच नव्हता, प्रोटीन ई. कोलायमध्ये बनवलं तेव्हा तिथूनच उचललेला. मग तपासलं तर ते एकटं एटीपी तोडत नाही, पण त्याच जिवाच्या पेशींचा अर्क मिसळला की तोडतं, म्हणजे कुणीतरी जोडीदार लागतो, आणि त्यावरून हा एटीपीवर चालणारा स्विच असावा असा अंदाज निघाला. तेव्हा फाइलमध्ये प्रोटीन सोडून अजून काय आहे ते नेहमी बघा, धातूचा आयन असेल तर तो कुणी धरलाय ते बघा, चार सिस्टीन किंवा दोन सिस्टीन दोन हिस्टिडीन एका बिंदूकडे तोंड करून असतील तर बहुतेक झिंक (अल्फाफोल्डच्या मॉडेलमध्ये झिंक नसतो, पण ती चार जण पुष्कळदा रिकाम्या जागेभोवती तशीच बसलेली दिसतात). मात्र इथंच पाय घसरतो. मी एकदा दोन दिवस एका खळग्यातल्या छोट्या रेणूवर थिअरी रचत बसले होते, तो निघाला ग्लिसरॉल, क्रिस्टल गोठवताना घालतात तो. सल्फेट, पीईजीचे तुकडे, बफरचे रेणू यांचंही तेच, आधी क्रिस्टल कशात वाढवलाय ते वाचा मग उड्या मारा.

आता नातेवाईक. सिक्वेन्स जुळवून काही मिळत नसेल तर आकार जुळवा, त्यासाठी फोल्डसीक आहे, ते मिनिटभरात करोडो मॉडेल चाळतं, आणि जुनं भरवशाचं डाली आहे. डालीचा झेड-स्कोर, म्हणजे आकार किती जुळतो त्याचा आकडा, २ च्या खाली असेल तर तिकडे बघूच नका, तसलाच दुसरा आकडा टीएम-स्कोर ०.५ च्या वर असेल तर घडी एकच असं साधारण धरता येतं. याची ताकद बघायची असेल तर एफटीएसझेड बघा. बॅक्टेरिया दोन भागांत फुटताना मधोमध एक अंगठी तयार होते ती याची. १९९८ मध्ये त्याचं स्ट्रक्चर आलं आणि त्याच सुमाराला आपल्या पेशींच्या सांगाड्यातल्या ट्युब्युलिनचंही, आणि दोन्ही शेजारी ठेवली तर एकाच मुशीतली, जरी सिक्वेन्स बघून नातं जेमतेमच दिसत होतं. सिक्वेन्स झिजतो पण घडी टिकते. बॅक्टेरियाला पेशीचा सांगाडाच नसतो असं जे शिकवलं जायचं ते अशा प्रोटीनमुळं मोडीत निघालं.

पण नातेवाईक सापडला म्हणजे काम सापडलं असं नाही हां, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. टिम बॅरल नावाची घडी घ्या, आठ बीटा स्ट्रँडचं (साखळीचे ताणलेले पट्टे) पिंप आणि बाहेरून आठ हेलिक्स (स्प्रिंगसारखी वेटोळी), ही घडी इतक्या वेगवेगळ्या एन्झाइममध्ये आहे की नुसती 'टिम बॅरल आहे' म्हणण्याला काही अर्थ नाही. एक मात्र नक्की, तिची काम करायची जागा पिंपाच्या एकाच तोंडाला असते, जिथं स्ट्रँडचा सी-टर्मिनल, म्हणजे साखळीच्या शेपटाकडचा, शेवट येतो, तिथंच शोधा. आणि याहून बोलकं उदाहरण पेनिसिलिनचं. बॅक्टेरियाची भिंत विणणारी पेनिसिलिन बाइंडिंग प्रोटीन आणि पेनिसिलिनची वाट लावणारं बीटा-लॅक्टमेज, दोघांची घडी भावाभावांसारखी, दोघांतही सिरीन पेनिसिलिनवर हल्ला करतं आणि त्याला चिकटतं. पहिल्यात ते चिकटून बसतं ते बसतंच, एन्झाइम बाद आणि भिंतीचं काम ठप्प. दुसऱ्यात जवळच पाण्याचा एक रेणू टपून बसलेला असतो, क्लास ए या गटातल्या बीटा-लॅक्टमेजमध्ये त्याला १६६ नंबरचं ग्लुटामेट तयार करतं, आणि तो ते पेनिसिलिन तोडून सोडवतो. घडी तीच, सिरीन तेच, फरक त्या एका पाण्याच्या रेणूचा, आणि त्यावर बॅक्टेरिया मरतो की जगतो ते ठरतं. म्हणून नातेवाईकाशी सुपरइंपोज केल्यावर, म्हणजे एकावर एक ठेवल्यावर, काय जुळतं यापेक्षा काय जुळत नाही ते जास्त वेळ बघा.

खळगाच नसेल तर? मग ते एन्झाइम नसून दरवाजा किंवा खांब असू शकतं. बाहेरून तेलकट पट्टा आणि मधे भोक असेल तर मेम्ब्रेनमधलं, म्हणजे पेशीभोवतीच्या तेलकट पडद्यातलं आहे. १६ स्ट्रँडचं पिंप असलेलं ओम्पएफ हे ई. कोलायच्या बाहेरच्या मेम्ब्रेनमध्ये तिघांच्या गटात असतं, रुंद भोक, छोटे रेणू जाऊ देतं, फारसं निवडक नाही. याउलट केसीएसए हे पोटॅशियमचं चॅनल, ज्याचं स्ट्रक्चर रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये काढलं आणि ज्यावर २००३ चं नोबेल मिळालं, त्यात एक अरुंद गल्ली आहे जिच्या भिंतीवरचे ऑक्सिजन पोटॅशियमला पाण्यासारखेच वेढून घेतात, त्यामुळं त्याला आपलं पाणी सोडून आत शिरायला काही जड जात नाही. सोडियम लहान, त्याला हे ऑक्सिजन लांब पडतात, मग तो पाण्यातच बरा. अशा ठिकाणी भोकाची रुंदी मोजा आणि आत कोण तोंड करून बसलंय ते लिहून काढा. फाइलमध्ये एकच साखळी दिसत असेल तर बायोलॉजिकल असेंब्ली, म्हणजे पेशीत असतो तो पूर्ण गट, उघडा, कारण एकट्या साखळीत केसीएसएचं भोक दिसणारच नाही, ते चौघं मिळून बनतं.

हे सगळं झालं की स्ट्रक्चर बाजूला ठेवून जीनोमकडे परत या. बॅक्टेरियात एका कामाची जीन पुष्कळदा एकाच ओपेरॉनमध्ये (एकत्र चालू-बंद होणारा जीनचा गट) शेजारीशेजारी असतात, शेजारची जीन साखर आत आणणारी असेल आणि तुमच्या खळग्यात साखर मावत असेल तर संशय पक्का होत जातो. पेशीला हे का लागतं याचा धागा बहुतेक वेळा इथंच हाताला लागतो. मग एकच स्पष्ट वाक्य लिहा, जसं की "हे प्रोटीन अमुक एस्टर तोडतं आणि त्यासाठी ८२ नंबरचं सिरीन लागतं", आणि ते सिरीन बदलून ॲलनीन घाला. काम थांबलं तर बरोबर चाललंय. फक्त त्या म्युटंटचा, म्हणजे बदललेल्या प्रोटीनचा, सीडी स्पेक्ट्रम (घडी शाबूत आहे का ते प्रकाशानं तपासायची चाचणी) मूळच्या प्रोटीनशेजारी ठेवून बघायला विसरू नका, कारण घडीच मोडली असेल तर काम थांबणारच, त्यात सिरीनचा काय दोष.