एलजीबीटी पालकांनी मुलाचा ताबा आणि भेटीचा हक्क कसा मागावा

विभक्त होताना मुलाच्या ताब्याचा वाद उभा राहिला की बहुतेक एलजीबीटी पालक आधी स्वतःच्या लैंगिकतेचा बचाव करू लागतात. न्यायालयापुढचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो: कायद्याच्या नजरेत आपण या मुलाचे पालक आहात का? म्हणून वकिलाकडे जाण्याआधी पालकत्वाची कागदपत्रे बाहेर काढावीत.

जन्मदात्या आईला हा प्रश्न सहसा पडत नाही. अडचण होते ती रक्ताचे नाते नसलेल्या जोडीदाराची. जन्मदाखल्यावर नाव असले की झाले, असा समज आहे. पण दाखला ही प्रशासकीय नोंद असते आणि वाद झाल्यास तिला आव्हान देता येते. दत्तकाचा न्यायालयीन आदेश कितीतरी अधिक भक्कम ठरतो. अमेरिकेत एका महिलेने जॉर्जिया राज्यात आपल्या जोडीदाराची तीन मुले दत्तक घेतली होती. पुढे दोघी विभक्त झाल्या आणि अलाबामाच्या न्यायालयाने ते दत्तक मानण्यास नकार दिला. २०१६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. जिथे कायदा परवानगी देतो तिथे दाखल्यावर नाव असले तरी दत्तकाचा आदेश घ्यावा, आणि तोही संबंध चांगले असतानाच.

असा आदेश नसेल तर दावा लगेच सोडून देऊ नये. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१६ मध्ये असे ठरवले की, मूल जन्माला घालून एकत्र वाढवण्याचा दोघांचा करार गर्भधारणेपूर्वीच झाला होता हे ठोस पुराव्याने सिद्ध झाल्यास, जैविक नाते नसलेला जोडीदारही ताबा आणि भेट मागू शकतो. असा पुरावा घरातच असतो: गर्भधारणेसाठी गेलेल्या उपचार केंद्राच्या संमतिपत्रावरील दोघांच्या सह्या, लसीकरणाच्या कार्डावर नोंदलेले नाव, शाळेच्या अर्जात तातडीच्या संपर्कासाठी दिलेला क्रमांक, पालकसभेच्या नोंदवहीतील सही. हे सारे तारीखवार लावून ठेवावे.

समोरची बाजू लैंगिकतेचा मुद्दा काढेल असे धरूनच तयारी करावी. पोर्तुगालमधील एका समलिंगी पित्याकडून मुलीचा ताबा काढून घेतला गेला तेव्हा मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने १९९९ मध्ये तो भेदभाव ठरवला. चिलीतील न्यायाधीश कारेन अताला यांच्या तीन मुलींचा ताबा २००४ मध्ये वडिलांना देण्यात आला होता. त्या प्रकरणी आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये चिलीला दोषी धरले. समाज काय म्हणेल या भीतीला मुलाचे हित म्हणता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. त्यामुळे वकिलाने विरोधी पक्षाला एकच गोष्ट विचारत राहावे: या मुलाला प्रत्यक्ष कोणती इजा झाली, ते दाखवा. येथे एक कटू गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘ती खरी आई नाहीच’ हा युक्तिवाद अनेकदा समलिंगी जोडीदारच करतो, आणि त्यातून घडलेला निकाल पुढे इतर कुटुंबांवर उलटतो.

भेटीचा आदेश ‘वाजवी भेट’ अशा मोघम शब्दांत कधीही स्वीकारू नये. वार आणि वेळ, मूल कोण कुठे पोहोचवणार, सुट्ट्यांची वाटणी, आजारपणात बुडालेल्या भेटीची भरपाई आणि व्हिडिओ कॉल या सगळ्याचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा. ‘नव्या जोडीदाराने मुलासमोर रात्री थांबू नये’ अशी अट घातली गेल्यास तिला तिथेच लेखी हरकत घ्यावी, कारण एकदा मान्य केलेली अट नंतर काढून टाकणे फार जड जाते.

अंतिम निकालाला वेळ लागतो आणि तोवर मुलाची सवय तुटते. म्हणून दावा दाखल करतानाच अंतरिम भेटीचा अर्ज जोडावा. या काळात मुलाला परवानगीशिवाय दुसऱ्या देशात नेऊ नये. मुलांना बेकायदा परदेशी नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारातील देशांत असे मूल परत पाठवण्याचा आदेश होऊ शकतो, आणि मूळ खटल्यातली आपली बाजूही कमकुवत होते.