सिल्लेवानीचा घाट सामानासकट: नागपूर ते छिंदवाडा एका दिवसात

नागपूरहून सायकलवर सामान लादून एक दिवस जंगल आणि घाट करायचाय तर माझं म्हणणं साधं आहे, छिंदवाडा रोड धरा. अंतर १२५ किमीच्या आसपास. सावनेर, केळवद, सौंसर, रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट आणि वर चढलं की उमरानाला.

या रोडची गोम एवढीच की घाट शेवटी येतो. पहिले ८० एक किमी जवळपास सपाट, आणि सकाळच्या थंडीत पाय असे काही चालतात की माणूस २२-२३ च्या स्पीडनं उडत सुटतो, मग रामाकोन्याला ऊन डोक्यावर, मांड्या भरलेल्या आणि समोर पहाड उभा. माझ्या पहिल्या वेळी हेच झालं, घाटात अर्धा रस्ता सायकल ढकलत नेली. तेव्हा सपाटीवर १५-१६ च्या वर जायचंच नाही, कोणी रिकाम्या सायकलवाला टुणकन पुढे गेला तर जाऊ द्या भाऊ, त्याला घरी जाऊन जेवायचंय.

सामान १२ ते १५ किलोच्या वर नको. नागपूर ३१० मीटरवर आणि छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास, म्हणजे प्रत्येक किलो तुम्ही साडेतीनशे मीटर वर उचलून नेणार. १५ किलोचं पोतं खांद्यावर घेऊन शंभरेक मजले चढायचे आहेत असं समजा आणि मग ती दुसरी जीन्स बॅगेत ठेवायची की नाही ते ठरवा. जड वस्तू बॅगेच्या तळाशी, दोन्ही बाजूला वजन सारखं, वर फक्त हलकं. वर जड बांधलं की उभं राहून पेडल मारताना सायकल बैलासारखी हेलकावे खाते.

कॅरिअरचे नटबोल्ट! हे मी जरा लांबवतो कारण इथंच माझी वाट लागली होती. घरी सगळं घट्ट केलं होतं, पाटणसावंगीच्या पुढे मागून टक टक आवाज येत होता आणि मी आपला बॅगेतला डबा वाजतोय समजून चालवत राहिलो. सावनेरच्या अलीकडे खाली फ्रेमला लागणारा उजवा बोल्ट गायब, कॅरिअर तिरपं होऊन चाकाला घासायला लागलेलं, आणि बॅगेचा पट्टा स्पोकपासून फक्त बोटभर लांब. सुतळीचे दहा वेढे मारून पुढे गेलो आणि एका टेंपोवाल्याकडनं बोल्ट मिळाला. तर पहिल्या १० किमीनंतर थांबून सगळे बोल्ट परत आवळा, कारण वजन बसलं की ते ढिले होतातच, दोन जास्तीचे बोल्ट सीटच्या खाली टेपनं चिकटवून ठेवा, आणि आवाज आला की लगेच थांबा. टायर मागचा पुढच्यापेक्षा जास्त टाइट भरा कारण वजन मागे आहे. पंक्चरचं सामान, दोन ट्यूब, थोडे स्पोक सोबत ठेवा, बाभळीच्या काट्यांना विदर्भात कमी नाही.

निघायचं पहाटे साडेपाचला. डिसेंबरमध्ये उजाडायला पावणेसात होतात म्हणून पुढचा-मागचा लाइट लावूनच, कोराडीपर्यंत ट्रक असतात. सावनेरला आठपर्यंत पोचलात की तर्री पोहा खायचाच, पण तर्री कमी, नाहीतर घाटात छातीत जळजळ. सौंसर पावणेअकरा. थंडीत या पट्ट्यात संत्री भरपूर मिळतात, चारपाच घ्या, घाटात सोलून खाण्यासारखं दुसरं काही नाही. गूळ आणि फल्लीदाणे खिशात, भूक लागायची वाट न बघता दर तासाला मूठभर. छिंदवाड्याची नॅरोगेज गाडी इथून २०१५ पर्यंत धावायची, आता ब्रॉडगेज झालीय, दमलात तर गाडीत बसायचा विचारही मनात येईल, येऊ द्या आणि विसरा.

रामाकोन्याला बारापर्यंत. इथं एक तास पाय पसरून बसा, हलकं जेवा आणि पाणी भरा, ३ लिटर. तिखट सावजी रस्सा वगैरे रात्रीसाठी ठेवा.

घाटात पहिल्याच वळणाच्या आधी छोटा गिअर टाका, चढावर जोर लावून गिअर बदलला की चेन उतरते. माझ्याकडे पुढच्या चक्राला २८ दात आणि मागच्याला ३४, मिनिटाला साठ पेडल मारले की ताशी ६ किमी मिळतात, म्हणजे चालण्यापेक्षा थोडंसं जास्त, पण श्वास लागत नाही आणि गुडघेही दुखत नाहीत. बोलता येईल इतक्याच दमात चढा. बोलायला कोणी नसेल तर स्वतःशी शिव्या चालतात. दोन्ही बाजूला सागाचं जंगल, मधे मोह आणि पळस. वळणावर थांबायचं तर डांबराच्या पूर्ण बाहेर. आणि काळतोंड्या वानरांसमोर बॅग उघडू नका, माझी केळ्यांची पिशवी एकानं बॅगेची चेन पुरती उघडायच्या आतच खेचली होती, वर बसून सालं माझ्याच अंगावर टाकत होता.

तीनपर्यंत घाट चढून झाला पाहिजे. थंडीत साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि अंधारात या पट्ट्यात सायकल नकोच, मार्च-एप्रिलमध्ये तर अजिबात नको कारण मोह पडला की अस्वलं फुलांसाठी येतात. उशीर झाला तर सौंसरलाच मुक्काम करा, यात लाज कसली.

वर गेलं की आता मस्त उतार मिळेल असं वाटतं, तो मिळत नाही, कारण वर सातपुड्याचं पठार आहे आणि छिंदवाड्यापर्यंत नुसते चढउतार. खरा उतार परतीच्या दिवशी. तेव्हा सामानासकट सायकल थांबायला जास्त जागा लागते हे लक्षात ठेवा, ब्रेक सतत दाबून ठेवू नका, वळणाच्या आधी दाबा, सोडा, परत दाबा, नाहीतर रिम तापते. निघायच्या आधी ब्रेकपॅड बघून घ्या, छिंदवाड्यात रात्रीच, सकाळी दुकानं उशिरा उघडतात.