'आय अ‍ॅम डायरेक्टेड टू' कधी आणि कसं लिहायचं

एसएससी सीजीएलमधून (स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून) दिल्लीतल्या एखाद्या केंद्रीय मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर म्हणून रुजू झालात, की लवकरच पत्राचा मसुदा करायची पाळी येते. जुनी फाइल उघडावी तर बहुतेक पत्रांची सुरुवात तीच, 'मला आदेश आहे की' अशा अर्थाची: 'आय अ‍ॅम डायरेक्टेड टू...'. नवीन मंडळी ती डोळे झाकून उचलतात आणि मसुदा खाडाखोड होऊन परत येतो.

शाळेत कर्मणी प्रयोग म्हणजे वाक्य फिरवून मार्क मिळवायचे, एवढंच. इथे त्याला काम आहे. राज्य सरकारला जाणाऱ्या पत्रावर सही अवर सचिवांची असली, तरी म्हणणं भारत सरकारचं असतं. मराठी शासकीय पत्रातल्या 'कळविण्यात येते की' मध्ये माणूसच गायब होतो. इथे सही करणारा वाक्यात हजर असतो, आदेश देणारा तेवढा अध्याहृत. त्यामुळे आधी नोटिंगवर, म्हणजे फाइलमधल्या टिपणीवर, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आहे का, ते बघा. ती नसेल तर व्याकरण कितीही बिनचूक असो, वाक्य खोटं ठरतं.

आता नेहमीचं वाक्य घ्या: 'आय अ‍ॅम डायरेक्टेड टू रेफर टू युअर लेटर... अँड टू से दॅट...'. यात 'टू' तीनदा आहे आणि तिन्ही लागतात. मधला 'रेफर'चा. तो गाळला तर समोरच्याचं पत्र आपण तिसऱ्याच कुणाकडे पाठवतोय, असा अर्थ निघतो. शेवटचा पुन्हा 'डायरेक्टेड'शी जोडलेला. मध्ये पत्र क्रमांक, दिनांक, विषय असं लांबण लागलं की तो सुटतो आणि 'अँड सेइंग दॅट' असलं काहीतरी उगवतं. मी मधला सगळा मजकूर बोटाने झाकून उरलेलं वाचते. चूक लगेच कानाला खटकते.

दुसऱ्या मंत्रालयाला ऑफिस मेमोरँडम (ओएम) जातं. तिथे 'आय' चालत नाही, 'दि अंडरसाइन्ड इज डायरेक्टेड टू' लिहायचं. वर 'सर' नाही, खाली 'युअर्स फेथफुली'ही नाही. जुन्या पत्रावरून ओएम केलं असेल तर खालच्या परिच्छेदांत एखादा 'आय' हमखास लपलेला सापडतो.

डीओ (डेमी-ऑफिशियल, म्हणजे अर्धशासकीय) लेटर मात्र अधिकाऱ्याच्या नावाने, मोकळ्या सुरात. त्यात 'आय अ‍ॅम डायरेक्टेड' म्हणजे लग्नाच्या आमंत्रणात 'उपरोक्त विषयान्वये'. स्वतःच्या रजेच्या अर्जातही नको. रजा घ्यायचा आदेश तुम्हाला कुणी दिलेला नसतो.

शेवटी माहिती मागताना 'इट इज रिक्वेस्टेड टू सेंड' लिहितात. पाठवायचं कुणी? 'यू आर रिक्वेस्टेड टू फर्निश' लिहा, नाहीतर 'इट इज रिक्वेस्टेड दॅट द इन्फर्मेशन मे बी फर्निश्ड'. 'काइंडली' वर आणखी कशाला, विनंती तर झालीच आहे. मला पहिलं रूप आवडतं. तुमच्या सेक्शनमध्ये दुसरं चालत असेल तर वाद घालू नका, फक्त उत्तराची तारीख त्याच वाक्यात घाला.